आठ बाय चारचा प्लाय: फूट, सूत आणि मिलिमीटरचा हिशोब

पावसाळ्यात सांगलीकर रोज तीन वेगवेगळ्या मापांत बातमी वाचतो. महाबळेश्वरला पाऊस किती झाला ते मिलिमीटरमध्ये, कोयना धरण किती भरलं ते टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती चढलं ते फुटांत. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. यात कुणाचाच गोंधळ होत नाही, कारण पावसाच्या मिलिमीटरमधून नदीचे फूट वजा करायची वेळ कधी येत नाही.

प्लायवूडमध्ये ती वेळ रोज येते. शीट फुटांत मागायची, जाडी मिलिमीटरमध्ये सांगायची, दर चौरस फुटाचा, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, ड्रॉवरचं चॅनल, म्हणजे तो ज्यावर सरकतो ती पट्टी, इंचांत, आणि मिस्त्रींच्या तोंडी सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ही सगळी मापं एकाच कपाटात येऊन भेटतात. घरांच्या फर्निचरसाठी कटिंग लिस्ट करायचं माझं काम आहे, म्हणजे कुठल्या शीटमधून कुठला तुकडा कोणत्या मापाने कापायचा याचा तक्ता. त्या अनुभवावरून सांगते: फूट वाईट नाहीत, मिलिमीटरही अवघड नाहीत. काम बिघडतं ते मध्येच एका मापातून दुसऱ्यात उडी मारल्यावर.

आधी शीटचा आकार बघू. गणपती पेठेत जा, विश्रामबागेत जा नाहीतर मिरजेत, ‘आठ बाय चार’ म्हटलं की दुकानदाराला कळतं. त्याच शीटवरच्या छाप्यात मात्र २४४० × १२२० असं असतं. दोन्ही एकच का? जवळजवळ. इंचाची लांबी १९५९ साली अमेरिका, ब्रिटन आणि इतर काही देशांनी मिळून २५.४ मिलिमीटर अशी कायमची ठरवली. त्या हिशोबाने फूट ३०४.८ मिलिमीटरचा, आठ फूट २४३८.४ चे आणि चार फूट १२१९.२ चे. छापताना हे आकडे दहाच्या पटीत नेले, म्हणून २४४० आणि १२२०. लांबीत दीड मिलिमीटरहून थोडा जास्त आणि रुंदीत एक मिलिमीटरहूनही कमी, एवढाच फरक. सुतारकामात तो पेन्सिलीच्या रेघेत जिरून जातो. त्यावरून ‘फुटातला प्लाय मोठा की मिलिमीटरमधला’ असा वाद घालण्यात काहीच अर्थ नाही.

आपल्याकडे मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू होत गेली आणि १९६२ पर्यंत देशभर बंधनकारक झाली. आज २००९ चा वैधमापन कायदा आहे आणि दर, जाहिरात, बिल हे सगळं प्रमाणित मेट्रिक एककात असावं असं तो सांगतो. पण कायदा बदलला म्हणून शीट लहान-मोठी झाली नाही. आकार फुटाचाच राहिला, त्यावर आकडा मिलिमीटरचा चढला. सात बाय चार म्हणजे २१३० × १२२०, सहा बाय चार म्हणजे १८३० × १२२०, आणि तीन फुटी रुंदी म्हणजे ९१५, हेही त्याच घडणीचे.

जगात इतरत्रही हेच दिसतं. अमेरिकेत आठ बाय चारची शीट तिथल्या लाकडी भिंतींच्या सांगाड्यात नेमकी बसते: उभे खांब १६ इंचांवर लावले तर ९६ इंचांत बरोबर सहा गाळे पडतात, २४ इंचांवर लावले तर चार. युरोपात २५०० × १२५० ची शीटही चालते, बर्च प्लाय १५२५ × १५२५ चा, म्हणजे पाच फुटी चौरस, मिळतो. जपानात अजून ९१० × १८२० ची शीट चालते, कारण तिथलं जुनं माप शाकू, आणि तीन शाकू बाय सहा शाकू म्हणजे जवळपास तेवढंच. ब्रिटनमध्ये प्लाय २४४० चा आणि प्लास्टरबोर्ड २४०० चा, दोन्ही एकाच भिंतीवर.

आता खरा खड्डा कुठे आहे ते सांगते. ‘एक फूट म्हणजे तीनशे मिलिमीटर’ हा तो खड्डा. तोंडी हिशोबाला ते सोपं जातं, म्हणून ड्रॉइंग करणाराही वापरतो आणि घरमालकही. एका फुटाला जेमतेम पाच मिलिमीटर मागे पडतात, लक्षातही येत नाही. दोन फुटांना दहा होतात. सहा फुटांना २९, म्हणजे इंचाहून जास्त. आठ फुटांना जवळजवळ ४०, म्हणजे दीड इंच. घरमालक म्हणतात, ‘मिस्त्री, तिथे सहा फुटांची जागा आहे, कपाट करा.’ त्यांनी बिल्डरच्या नकाशात १८०० वाचलेलं असतं. मिस्त्री टेपवर सहा फूट धरतात, म्हणजे १८२९. गिलावा झाल्यावर दोन भिंतींमध्ये जागा उरलेली असते, समजा, १८१५. बाहेर उभं केलेलं कपाट आत जात नाही आणि मग भिंत छिलायची की कपाट, यावर चर्चा सुरू होते. अशा वेळी कुणी चुकीचं मोजलेलं नसतं, दोघांनी ‘सहा फूट’ या एकाच नावाखाली दोन लांब्या धरलेल्या असतात.

हेच मी कागदावर असं मांडते. जागा खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायची, कारण भिंत ओळंब्यात असेलच असं नाही, आणि सर्वांत लहान आकडा धरायचा. तो १८१५ आला तर ६०० चे तीन बॉक्स, म्हणजे १८००, आणि उरलेल्या १५ मिलिमीटरमध्ये दोन्ही बाजूंना पट्टी. फूट-इंचांत हेच मांडायला गेलं तर पाच फूट साडेअकरा इंच भागिले तीन करावं लागतं, आणि हातातल्या रंध्याबरोबर हा भागाकार करायला लावणं मिस्त्रींवर अन्याय आहे.

६०० या आकड्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. करवतीचं पातं लाकूड खातं. मशीनवरच्या गोल पात्याने प्रत्येक कापाला साधारण तीन मिलिमीटरचा भुसा होतो. आता १२२० रुंदीच्या शीटमधून एक-एक फुटाच्या चार फळ्या काढायच्या आहेत असं समजा. कागदावर चार चोक सोळा इतकं सरळ आहे: चार फुटांत चार फळ्या. प्रत्यक्षात पहिल्या तीन फळ्या ३०५ च्या कापल्या तर त्यांचे ९१५ झाले, तीन कापांचे नऊ गेले, आणि चौथ्या फळीला उरले २९६. तिघी एका मापाच्या आणि चौथी नऊ मिलिमीटरने आखूड. पुस्तकांच्या कपाटात ती फळी मागे सरकून बसते आणि रोज डोळ्यांत खुपते.

त्याऐवजी फळी ३०० ची ठरवा. चार फळ्यांचे १२००, चार कापांचे १२, एकूण १२१२. वर आठ मिलिमीटर शिल्लक, त्यात शीटची खराब झालेली कड साफ करता येते. लांबीतही तेच: ३०० चे आठ तुकडे म्हणजे २४००, आठ कापांचे २४, तरी १६ उरतात. म्हणजे फुटाच्या शीटमध्ये फुटाचे तुकडे पूर्ण बसत नाहीत, पण ३०० आणि ६०० चे बसतात, कारण फूट आणि ३०० यांच्यात जे पाच मिलिमीटर उरतात तीच पात्याची जागा. ओव्हन, डिशवॉशर यांसारखी आत बसवायची यंत्रंही ६०० च्या गाळ्यासाठी केलेली असतात. म्हणून ‘दोन फुटी’ असं न म्हणता ‘सहाशेचा’ म्हणायची सवय लावून घ्यावी, असं मी प्रत्येक घरात सांगते.

खोलीचंही असंच आहे. कपाट २४ इंच खोल हवं की २६, हा प्रश्न घरात सहज चर्चेला येतो आणि ‘दोनच इंच तर वाढतात’ म्हणून २६ ठरतं. २६ इंच म्हणजे ६६०. शीटच्या १२२० मधून ६६० ची एक पट्टी निघाली की मागे साधारण ५५७ उरते, आणि तिच्यातून दुसरी ६६० निघत नाही. ६०० धरलं असतं तर एका शीटमधून दोन निघाल्या असत्या. त्या ५५७ च्या पट्टीचं दुसरीकडे काही करता आलं तर ठीक, नाहीतर दोन इंचांसाठी बाजूच्या फळ्यांना दुप्पट शीट लागतात. एकूण चौरस फूट काढून त्याला ३२ ने भागलं की किती शीट लागतील ते कळतं, असा जो सर्रास हिशोब केला जातो, तो म्हणूनच चुकतो. भागाकाराला पट्टीची रुंदी दिसत नाही.

जाडीकडे वळू. इथे सूत येतं. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरच्या किंचित आत, नेमकं सांगायचं तर ३.१७५. पाव इंच म्हणजे दोन सूत, ६.३५ मिलिमीटर, आणि बाजारात मिळतो ६ चा प्लाय. तीन सूत ९.५, मिळतो ९. अर्धा इंच म्हणजे चार सूत, १२.७, मिळतो १२. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, १९.०५, आणि मिळतो १९ चा. एक इंच २५.४, मिळतो २५. एकूण बघितलं तर मिलिमीटरचा प्लाय सुताच्या मापापेक्षा थोडा बारीकच असतो. अर्ध्या इंचाच्या खाचेत १२ चा प्लाय सैल बसतो तो यामुळे.

पाऊण इंचाला १९ बरोबर जुळतं, तरी सगळ्यात जास्त वाद याच जाडीवर होतात, कारण बाजारात १८ चाही प्लाय आहे आणि तोंडी दोघांनाही ‘पाऊण इंची’ म्हणतात. अमेरिकेतही पाऊण इंची म्हणून विकला जाणारा प्लाय बऱ्याचदा इंचाचे बत्तीस भाग केले तर त्यातले तेवीसच, म्हणजे १८.२६ मिलिमीटरचा असतो. आपल्या आयएस ३०३ या मानकाच्या १९८९ च्या आवृत्तीत सहा मिलिमीटर आणि त्याहून जाड प्लायला पाच टक्के कमी-जास्त चालेल असं धरलेलं आहे. १९ चे पाच टक्के म्हणजे ०.९५. म्हणजे १८.०५ भरलेली शीटही १९ म्हणून नियमात बसते. १८ ला हीच सूट लावली तर १७.१ पासून १८.९ पर्यंत. साडेअठरा मिलिमीटर भरणारी शीट १८ म्हणूनही खरी आणि १९ म्हणूनही खरी. दुकानदार फसवतोय असं दर वेळी समजू नये. लाकडाचे पातळ पदर एकावर एक आडवे-उभे चिकटवून, गरम दाबाखाली दाबून, वर घासून हा माल तयार होतो आणि लाकूड हवेतली ओल घेऊन फुगतं, आकसतं. थोडा फरक पडणारच. पण १९ च्या नावाखाली साडेसतरा हातात आला तर ती सूट नाही, तो माल कमी आहे: जाडीत जवळजवळ आठ टक्के.

चौरस फुटाच्या दरात हे लपतं. समजायला सोपं म्हणून दर १०० रुपये धरू. आठ बाय चारचे ३२ चौरस फूट, ३२०० रुपये. चौरस मीटरने काढा: एका चौरस मीटरमध्ये १०.७६४ चौरस फूट, म्हणून दर १०७६ रुपये ४० पैसे, शीटचं क्षेत्रफळ २.९७७ चौरस मीटर, एकूण साधारण ३२०४. चार रुपयांचा फरक, सोडून द्या. पण त्याच दरात जाडी दीड मिलिमीटरने कमी आली तर ३२०० च्या मालातले अडीचशे रुपयांचं लाकूड आपल्याला मिळालेलंच नाही. म्हणून दोन दुकानांतले दर ताडून बघताना आधी जाडी ताडावी, मग रुपये.

जाडी मोजायला टेप चालत नाही, व्हर्नियर लागतो, म्हणजे वस्तू जबड्यात धरून बारीक माप घ्यायचं साधन. कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडे तो असतोच. अगदी कडेवर मोजू नये, तिथे पदर दबलेले किंवा उचकटलेले असू शकतात. जबडा जाईल तेवढा आत घालून मोजावं. चारही बाजूंना एकेकदा आणि आकडे लिहून ठेवावेत. चार आकड्यांमध्येच अर्ध्या मिलिमीटरहून जास्त अंतर असेल तर ती शीट शटरसाठी, म्हणजे कपाटाच्या दारांसाठी, घेऊ नये, आतल्या फळ्यांना वापरावी.

या मिलिमीटरभर फरकाने काय होतं ते ड्रॉवरमध्ये दिसतं. ६०० च्या बॉक्सला १८ चा प्लाय धरला तर आतली जागा ५६४. दोन्ही बाजूंना टेलिस्कोपिक चॅनल, जे विकलं जातं इंचांत, १८ इंची, २० इंची असं, आणि ज्याची जाडी १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच. दोन्ही मिळून २५.४ गेले, ड्रॉवरची बाहेरची रुंदी ५३८ ठरली. मिस्त्रींनी सगळे ड्रॉवर तसे कापून ठेवले. पण बॉक्सला आलेला प्लाय निघाला १९ चा, आतली जागा झाली ५६२, आणि ड्रॉवरला हवेत ५३६. ५३८ चा ड्रॉवर ढकलून बसवला तर चॅनल घासतं, काही महिन्यांत बॉलबेअरिंग आवाज करायला लागतं आणि सगळे म्हणतात चॅनल खराब निघालं. प्लाय बरोबर मापाचा असला तरी आतून ०.८ चा लायनर, म्हणजे आतल्या बाजूचा पातळ मायका, लावायचा असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून १.६ आणखी गेले. म्हणून बॉक्स उभा राहिल्यावर, लायनर लागल्यावर, आतली जागा मोजून मगच ड्रॉवर कापावेत. मिस्त्रींना घाई असते, सगळं कटिंग एकदम उरकायचं असतं. तरीही ड्रॉवरपुरतं थांबायला सांगावं.

टेपबद्दल एक गोष्ट. टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक थोडा हलतो, म्हणून टेप खराब झाला असं समजून काही जण तो ठोकून घट्ट करतात. तसं करू नये. हूक त्याच्या स्वतःच्या जाडीएवढाच हलतो आणि तो मुद्दाम तसा केलेला असतो: फळीच्या कडेला अडकवून ओढलं की तो बाहेर सरकतो, भिंतीला टेकवून दाबलं की आत सरकतो, आणि दोन्ही वेळा शून्य बरोबर राहतं. तसंच, टेपवर एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला मिलिमीटर असले तरी एका कामात एकच कड वाचावी. घरमालकांनी आणि मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी हे ठरवून घेतलं तर निम्मे वाद मिटतात. मिस्त्रींचा हात सुतावर बसलेला असेल आणि सगळं काम तेच करणार असतील तर खुशाल सगळं फूट-इंच-सुतात करावं, मग ड्रॉइंगही त्यातच काढून घ्यावं. मात्र मशीनवर कटिंग करून आणायचं असेल तर मिलिमीटरला पर्याय नाही.

शीट गुण्यात आहे का हेही बघावं. दोन्ही कर्ण मोजायचे. २४४० × १२२० च्या शीटचा कर्ण २७२८ मिलिमीटर येतो. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे शीट काटकोनात आहे. आकडा एखाद-दोन मिलिमीटरने इकडेतिकडे असला तरी चालेल, पण दोघांमध्ये फरक नको.

सांगलीत हा सगळा हिशोब आणखी एका कारणाने लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या कितीतरी घरांत फर्निचर दिवसेंदिवस पाण्यात होतं. साधा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय ओलावा सोसतो, बुडून राहणं सोसत नाही. त्याचे पदर फुगतात आणि सुकल्यावरही जाडी पूर्ववत होत नाही. बऱ्याच जणांनी खर्च वाचवायला वरचे बॉक्स तसेच ठेवले आणि खालचे नवे केले, किंवा शटर तेवढी बदलली. तिथे जुना १९ चा आणि नवा १८ चा शेजारी-शेजारी येतो आणि ओळीत एक शटर आत बसल्यासारखं दिसतं. जुन्याला बाहेरून एक मिलिमीटरचा मायका आणि आतून लायनर धरून शटर २१ च्या आसपास असतं. नव्या शटरला १८ चा प्लाय घेऊन तेच थर लावले तर ते २० च्या जरा खाली येतं. अशा ठिकाणी दुकानात ‘पाऊण इंची’ न मागता जुन्या शटरचा एक तुकडा कापून सोबत न्यावा, व्हर्नियर लावावा आणि त्याला जुळेल ती शीट निवडावी. जुनी शटर भंगारात देण्याआधी प्रत्येकाची उंची, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. बिजागरीच्या खड्ड्याचा व्यास हल्ली बहुतेक ठिकाणी ३५ मिलिमीटर असतो, पण तो कडेपासून किती आत पाडला आहे हे अंतर घरोघरी बदलतं, म्हणून तेही मोजून घ्यावं.